देवराईचा पाला आणि माझे तीन अर्ज

पौडच्या कचेरीसमोर झाडाखाली बसून मी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. सातवीच्या फायनल परीक्षेस मी बसू शकलो नाही, हे खरे. परंतु ‘सदरहू’ आणि ‘सबब’ हे शब्द नेमके कोठे योजावेत हे त्या काळी मुळशीत माझ्याइतके कोणास कळत असेल, असे मला वाटत नाही. कचेरीतले कारकूनही अवघड मजकूर माझ्याकडून तपासून नेत. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे जी चूक मी नोंदवणार आहे ती अडाणी माणसाची नव्हे. ती चांगल्या लेखणीची चूक आहे, आणि म्हणूनच तिचा परिणाम झाला.

आमच्या भागात भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजतात. फांद्या, पाला आणि शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात पेटवायचे, याला राब म्हणतात. साठ सालच्या आगेमागे रानातल्या फांद्या तोडण्यावर कडक बंदी आली. तेव्हा डोंगराकडच्या एका गावचे पाटील चार माणसे घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या गावाच्या माथ्यावर देवराई होती. तेथले पान उचलायचे नाही, बाहेर पडताना धोतराला चिकटलेली काडीसुद्धा झटकून आत टाकायची, असा जुना दंडक होता.

“देवाला आमी इचारलंय,” पाटील म्हणाले. “त्येची ना न्हाई. आता रानाच्या सायबाचंच ऱ्हायलंय. तुमी आसं लिवा, की सायब न्हाई म्हणला न्हाई पायजे.”

मी लिहिले, “सदरहू देवराईत पिढ्यान्‌पिढ्या गळालेला पाला कोणाच्याही उपयोगी न पडता कुजून वाया जात आहे. सबब तो राबासाठी नेण्याची परवानगी व्हावी.” वाचून दाखवताच पाटलांनी मांडीवर थाप मारली. मलाही ते वाक्य आवडले होते.

आठ दिवसांनी, माघातल्या एका सकाळी, त्याच गावची एक विधवा बाई आली. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोरली असेल. देवराईच्या अगदी पायथ्याशी तिचे भाताचे एकच खाचर होते.

“त्यो अर्ज तुमीच लिवला ना, भाऊसाहेब?”

“मीच. का, मावशी?”

“पाला वाया जातुया, आसं लिवलंय म्हणं.”

“कुजतो म्हणजे वायाच की.”

“वाया कुटं? माझ्या खाचरात येतुया, आन् तितनं माझ्या ताटात. ह्या वयात मी फांद्या वाहू का शेण गोळा करू? वरनं काळं पाणी येतं, त्येच्यावर पिकतं. पाला गेल्यावर मी खाऊ काय, तुमचा कागुद?”

मी गंभीरपणे म्हणालो की, जागा पाहिल्याशिवाय मी लिहीत नसतो. वास्तविक पहिला अर्ज मी जागा न पाहताच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. वहाणा बाहेर काढल्या. आत पाऊल टाकताच ते घोट्यापर्यंत रुतले. खाली जमीन नव्हतीच, पानेच होती. एका आडव्या पडलेल्या खोडाच्या आडोशाला ती बसली आणि हाताने थर बाजूला सारू लागली. वर कोरडी, खडखडीत पाने. त्याखालची ओलसर, चाळणीसारखी भोके पडलेली. त्याखाली पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या धाग्यांचे जाळे गेलेले, जणू कोणी पाने टाके घालून एकमेकांस शिवली होती. किडे, गोमा, वाळवी, गांडुळे, सगळी आपापल्या कामात. सर्वांत खाली पान नव्हते. काळी, भुसभुशीत माती होती, आणि तिला पहिल्या सरीनंतरचा नव्हे, तर ताज्या भाकरीच्या पिठासारखा गोडसर वास होता.

“हात घाला आत,” ती म्हणाली.

मी घातला. बाहेर थंडीने बोटे आखडली होती, आणि आत ऊब होती.

“जित्तं हाय त्ये,” ती म्हणाली.

मी तो हात बराच वेळ काढला नाही. वर शेंड्यावर ऊन पडले होते. ते ऊन पानाने धरले, पान खाली आले, ते किड्याने आणि बुरशीने खाल्ले, आणि खाण्याच्या त्या कामातून उरलेली धग आता माझ्या बोटांना लागत होती. ऊन असे काम करत करत निघून जात होते. माती मात्र जात नव्हती. ती झाडात चढत होती, पानांतून उतरत होती, पाण्याबरोबर खाचरात जाऊन भात होत होती. इतका मोठा कारभार, आणि त्यात कारकून कोणी नाही. मी त्याला ‘वाया’ म्हटले होते.

पाला जागेवरच राहू द्यावा, असा बाईचा अर्ज मी लिहिला. साहेबांनी मला बोलावून दोन्ही कागद समोर ठेवले आणि विचारले, “दोन्हींत अक्षर एकच कसे?”

“पहिला न पाहता लिहिला, साहेब. दुसरा पाहून लिहिला.”

साहेब हसले. परंतु पहिल्यातली भाषा अधिक बांधीव होती, हे मलाच मान्य करावे लागेल. निकाल असा लागला की, एका वर्षापुरता, उगवतीकडच्या अर्ध्या देवराईतला पाला न्यावा.

गावाने तो झाडून नेला.

श्रावणात मी मुद्दाम गेलो. बाई बांधावर उभी होती. खाचरात दोन ओहोळ उतरत होते. मावळतीकडून येणारे पाणी कोऱ्या चहासारखे, संथ. उगवतीकडून येणारे लाल, खळाळते, सोबत खडे आणणारे. एका बाजूला भात काळाभोर हिरवा, त्यात खेकड्यांची बिळे, बारीक मासे, माशांवर टपलेला बगळा. दुसऱ्या बाजूला रोपे पिवळी पडून लाल गाळात आडवी झालेली, आणि तेथे बगळाही फिरकत नव्हता. मधली रेघ पट्टीने ओढावी इतकी सरळ होती. माझ्या एका वाक्याने ती ओढली होती.

पाटीलही आले. ती रेघ त्यांनीही पाहिली.

“देवाला इचारलं, सायबाला इचारलं,” बाई म्हणाली. “खालच्या बाईला इचारायचं तेवढं ऱ्हायलं, पाटील.”

पाटलांनी डोक्याचे पागोटे सारखे केले. “वैनी, माझी रोपं उरल्यात. उद्या माणसं लावतो, गाळ काढून घिऊ.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अर्ज मागं घ्यायचा लिवा. आन् ह्या टायमाला थोडक्यात लिवा.”

तिसरा अर्ज मी दोन ओळींत लिहिला: पाला वाया जातो असे पूर्वी कळवले ते चुकीचे होते, सबब परवानगी रद्द व्हावी. त्यापेक्षा चांगले लेखन माझ्या हातून झालेले नाही.

पाटलांच्या रोपांमुळे त्या अर्ध्या भागात थोडे पिकले, थोडे वाया गेले. बाईचे ते वर्ष तुटपुंज्या दाण्यांवर निघाले. फाल्गुनात मी पुन्हा गेलो, तेव्हा आम्ही दोघे उगवतीच्या उघड्या चढाखाली उभे होतो.

“पाणी पुन्हा काळे व्हायला किती दिवस लागतील, मावशी?”

“चार पानगळी तरी. तुमचा अर्ज चालतो ना सगळीकडं? झाडांना लिवा, बिगीनं गाळा म्हनावं.”

मी शेंड्यांकडे पाहिले. वरून एक पान सुटले. फांद्यांना अडत, गिरक्या घेत, मुळीच घाई न करता ते खाली आले आणि लाल मातीवर टेकले.

“हं,” बाई म्हणाली, “योक.”