काट्याच्या पुढचा जोर

आमच्या भागात नट आवळणारा माणूस शेवटी एकदा 'हं' करतो. नट बसलेला असतो, हात थांबायला हवा असतो, पण नाही. दातओठ खाऊन आणखी थोडा पिळल्याशिवाय त्याला आपण काम केलं असं वाटतच नाही. सायकलचं चाक असो, विहिरीवरचा पंप असो की डिझेल इंजिन असो, शेवटचं 'हं' ठरलेलं. त्या एका 'हं'शी मी उमेदीची वर्षं भांडलो आणि भांडून फार काही हाती लागलं असं मला म्हणवत नाही.

गोष्ट साठ सालाच्या आसपासची. शिरूरला मिशनच्या आवारात एक वर्कशॉप होतं. तिथं मी फिटरचं काम शिकलो आणि शिकून तिथंच चिकटलो. आजूबाजूच्या गावांतली पाण्याची इंजिनं आमच्याकडे दुरुस्तीला येत, मोठं इंजिन असलं तर हत्यारं घेऊन आम्हीच जात असू. आमचे मास्तर ख्रिस्ती होते. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि बाकीचे सहा दिवस आमची खरडपट्टी काढायचे. त्यांनी खटपट करून मुंबईहून एक टॉर्कचा पाना मागवला होता.

हातभर लांब दांडा, एका टोकाला सॉकेट बसवायची जागा, दुसऱ्या टोकाच्या जरा अलीकडे मूठ आणि मधे घड्याळासारखी तबकडी. नट आवळत गेलं की काटा पुढं सरकायचा आणि नटाला किती पीळ बसला ते दाखवायचा. तबकडीच्या शेवटी तांबडी रेघ होती. तेवढीच त्या पान्याची ताकद. काटा रेघेपलीकडे नेला की आतली स्प्रिंग कायमची ताणली जाणार आणि नंतर काटा जे सांगेल ते खोटं. मास्तर म्हणायचे, "हा पाना जोर लावायला नाही, जोर मोजायला आहे." सॉकेट नटावर सरळ बसलंय का, काटा शून्यावर आहे का, हे आधी बघायचं. मग मुठीलाच धरून सावकाश ओढायचं, कारण दांडा टोकाला लांब धरला तर थोड्या जोरातही काटा पुढं पळतो. हिसका द्यायचा नाही, दांड्यात नळी घालून तो लांबवायचा नाही आणि गंजलेल्या नटाला तर हा पाना दाखवायचासुद्धा नाही. वर्कशॉपमधले जुने कारागीर हे सगळं ऐकायचे आणि मास्तरांची पाठ फिरली की हसायचे.

जुन्या कारागिरांचं एक वेळ सोडून देता आलं असतं, पण तसाच एक जुना माणूस माझ्या घरात होता. दौंडच्या पुढं भीमेच्या काठावर एका सोसायटीचं पाणी उचलायचं इंजिन होतं आणि त्या इंजिनावर माझे वडील, आबा, ड्रायव्हर होते. तरुणपणी त्यांनी वरवंडच्या हगाम्यात कुस्त्या मारलेल्या. पन्नाशी उलटली तरी गाव त्यांना पैलवान म्हणूनच हाक मारी. इंजिनाचं तेल सोडायच्या-तोडायच्या दांडीशी, म्हणजे इंजिनापासून हातभर अंतरावर, एक लाकडी खोकं टाकून ते दिवसभर बसायचे.

त्या उन्हाळ्यात इंजिन ठोकायला लागलं. आतलं बेअरिंग गेलं होतं. सोसायटीनं वर्कशॉपला निरोप धाडला आणि मास्तरांनी मला पाठवलं. शिरूरहून एस.टी.नं दौंड गाठेपर्यंत तो पाना मी लाकडी पेटीसकट मांडीवर घेऊन बसलो होतो. बस आदळली की मी पेटी अधांतरी उचलून धरायचो. शेजारच्या बाईंना वाटलं आत देव आहेत. त्यांनी हात जोडले, आणि खरं सांगायला लाज वाटल्यामुळे मी गप्प बसलो.

हा पाना तिथं इतका का लागत होता, ते सांगायला हवं. इंजिनाच्या पोटात कनेक्टिंग रॉड असतो, पिस्टनला आणि खालच्या क्रँकला जोडणारा. तो क्रँकवर दोन बोल्टांनी बांधलेला असतो. बोल्ट ढिले राहिले तर सुटणार. वाजवीपेक्षा जास्त आवळले तर पोलाद आतून ताणलं जाणार, वरून काहीच दिसणार नाही आणि एक दिवस भर वेगात बोल्ट तुटणार. मग तो रॉड इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो. कोणत्या बाजूनं येतो, तर जिथं झाकण असतं त्या बाजूनं. आमच्या इंजिनाचं झाकण आणि आबांचं खोकं समोरासमोर होतं.

बेअरिंग बदलून झालं. रॉड चढवला, बोल्ट नुसते हातानं लावले आणि मी पेटी उघडली. तोवर शेडमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. ऊस वाळत होता, पाणी कधी सुटतंय याची सगळ्यांना घाई. सोसायटीचे चेअरमन धोतराचा सोगा धरून पुढं आले.

"फिटर, ह्ये घड्याळ कशाला लावलंय पान्याला?"

मी सांगितलं की किती जोर लावला ते यात कळतं.

नको ते बोलून बसलो. जोर मोजणारं यंत्र म्हटल्यावर आमच्या गावात दुसरं काय होणार होतं? चेअरमनांचा पुतण्या तालमीतला होता. त्यानं बाह्या सरसावल्या आणि मी हात धुवून वळेपर्यंत पाना उचलून इंजिनाच्या पायातल्या गंजक्या नटावर लावलासुद्धा. तो नट इंजिन बसवल्यापासून हलला नव्हता. पुतण्यानं ओढलं, काटा तांबड्या रेघेच्या अलीकडे येऊन थरथरला आणि माणसं ओरडली. मी धावत जाऊन पाना हिसकावून घेतला.

"खेळणं आहे का हे? मोडलं तर पुण्या-मुंबईशिवाय दुरुस्त व्हायचं नाही!"

"आरं, लोखंडच हाय की त्ये," चेअरमन म्हणाले. "आन् पैलवान, तुमी का मागं? का आता न्हाई व्हायचं?"

आबा हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं, लहानपणी आखाड्याच्या कडेला बसून पाहिलेलं. त्यांनी पुढं येऊन माझ्या हातातून पाना काढून घेतला. चारचौघांत बापाच्या हातातून हिसकावून घेणं मला जमलं नाही. मी नुसतं म्हणत राहिलो, "आबा, तांबड्या रेघेपुढं नको. आबा, ऐका माझं." पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांनी पाना त्याच गंजक्या नटावर लावला, पाय रोवले, मूठ सोडून दांड्याच्या अगदी टोकाला धरलं आणि हिसका दिला. काटा रेघ ओलांडून शेवटच्या खिळ्यावर आपटला. आत काहीतरी कट् झालं. शेडमध्ये नुसता गलका! कुणी आबांच्या पाठीवर थाप मारली, चेअरमनांनी पुतण्याला कोपरानं ढोसलं. मी तबकडीकडे बघत होतो. आबांनी पाना सोडला तरी काटा शून्यावर आला नाही. दोन बोटं अलीकडे येऊन अडकला तो अडकलाच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, पाना निकामी झालाय, आता बोल्ट आवळता येणार नाहीत. मी शिरूरला जातो, मास्तरांकडून काहीतरी सोय करून उद्या येतो.

"उद्या?" चेअरमनांनी कपाळाला हात लावला. "हितं पिकाच्या जिवाशी आलंय आन् तू घड्याळाचं काय घिऊन बसलास? पैलवान, तुमी ह्याच्या आधी इंजिनं बांधलीच न्हाईत व्हय?"

"बांधल्यात की," आबा म्हणाले. "माज्या मनगटात हाय काटा."

त्यांनी साधा पाना घेतला, त्याच्या दांड्यात हातभर नळी घातली आणि झाकणाच्या भोकातून आत वाकले. रॉड हलू नये म्हणून मी आत हात घालून तो धरून ठेवला होता. का धरला, पाना फेकून निघून का गेलो नाही, असं पुष्कळांनी मला नंतर विचारलं. विचारणाऱ्यांचे वडील बहुधा पैलवान नसावेत.

पहिला बोल्ट बसला. दुसराही बसला, आणि मग आबांनी 'हं' केलं. नट आवळताना जसजसा घट्ट होतो तसतसा जड होत जातो. शेवटच्या त्या 'हं'ला तो जड झाला नाही. एकदम हलका फिरला, थोडासाच, जुन्या रबरासारखा. माझ्या तळहाताला ते रॉडमधून कळलं. बोल्ट ताणला गेला होता.

मी आबांकडे बघितलं. त्यांचे हात थांबले होते. इतकी वर्षं ज्या हातांनी नट आवळले त्यांना हा फरक कळला नसेल, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी नळी काढून भिंतीशी ठेवली.

"आबा, तो ताणलाय," मी हळू आवाजात म्हणालो.

"बसलाय," ते म्हणाले आणि झाकण लावायला घेतलं.

मी पुन्हा चेअरमनांकडे गेलो. बोल्ट बदला, नाहीतर निदान आज इंजिन चालवू नका, म्हणून विनवण्या केल्या. त्यांनी विचारलं, "तुज्या बापाला जास्त कळतंय का तुला?" माणसं हसली. एवढी सगळी माणसं, त्यांतल्या एकालाही त्या खोक्यावर दिवसभर बसायचं नव्हतं, आणि ज्याला बसायचं होतं तो म्हणत होता की सगळं ठीक आहे. कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं? मला इतकं असहाय पुन्हा कधी वाटलं नाही.

इंजिन सुरू झालं. पुतण्यानं हँडल मारलं, धुराचा लोट छताला गेला, आणि थोड्या वेळानं पाटात पाणी पडल्याचा आवाज आला. शेडमधली सगळी माणसं पाण्याकडे पळाली. आत आम्ही दोघंच राहिलो. आबा खोक्यावर बसले आणि त्यांनी तेलाच्या दांडीवर हात ठेवला. मी त्यांच्या शेजारी उभा राहून कान देऊन ऐकत होतो.

"तू भाईर जा," ते म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी तसाच उभा राहिलो. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला दाराकडे ढकललं.

"भाईर जा म्हंतो ना! हितं हुबा ऱ्हाऊ नको."

मग माझ्या लक्षात आलं. बोल्ट बसलाय म्हणणाऱ्या माणसाला आपला मुलगा त्या झाकणासमोर नको होता. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते तिथं बसले होते, फक्त चार माणसांनी पैलवान म्हटलं म्हणून! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. दारापर्यंत गेलो, तिथं एक तेलाचा रिकामा डबा पडला होता तो उचलला, परत आलो, आबांच्या खोक्याला लावून झाकणासमोर पालथा घातला आणि त्यावर बसलो.

"ऊठ," ते म्हणाले.

"बोल्ट बसलाय ना?" मी ओरडलो. "मग मी पण बसतो!"

त्यांनी मला शिवी दिली. मी हललो नाही. त्यांनी हात उगारला, तो तसाच राहिला. इंजिन धडधडत होतं, आमच्या पायांखालची फरशी हादरत होती आणि आम्ही बापलेक एकमेकांकडे न बघता त्या झाकणाकडे बघत बसलो होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग आबांनी दांडी खाली ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

पाटातलं पाणी थांबल्याबरोबर चेअरमन धावत आले, मागून पुतण्या, मागून सगळी माणसं.

"काय झालं? फिटरनं काय केलं आता?"

मी तोंड उघडणार होतो. आबा माझ्या आधी उठून उभे राहिले. भर आखाड्यात पाठ लागलेल्या माणसासारखे दिसत होते.

"पोरानं कायबी केलं न्हाई," ते म्हणाले. "माज्या हातनं बोल्ट ताणलाय. मला तवाच कळलं हुतं. त्येचा पाना बी मीच मोडला." मग पुतण्याकडे बघून म्हणाले, "आन् त्यो जोर काय माजा न्हवता. दांडा लांब धरला हुता मी."

दिवसभर मला हेच, अगदी एवढंच ऐकायचं होतं, सगळ्यांसमोर आणि आबांच्याच तोंडून. ते ऐकलं, आणि मला वाटलं, आबांनी निदान ते शेवटचं तरी सांगायला नको होतं.