चार बोटं कागद

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात हजारो चित्रं फ्रेममध्ये बसवली आणि एकही धड पाहिलं नाही. खोटं वाटेल, पण दुकानात आलेलं चित्र आधी पालथं पडायचं. मागून माप, मागून पुठ्ठा, मागून खिळे. चित्रं बघत बसलो तर चूल कधी पेटायची, असं त्यांचं म्हणणं. चित्र तयार फ्रेमपेक्षा मोठं निघालं तर ते चित्राचीच कड कापत. लाकूड कापलं तर वाया जातं, कागदाचं काय! कापलेली पट्टी मात्र टाकत नसत. काच खडखडू नये म्हणून घडी करून मागे दडपत.

अशा माणसाच्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की आई दाराआड. ती गेल्यावर बाबांनी सगळ्या नातेवाइकांचे अल्बम पालथे घातले, तेव्हा एका फोटोत तिचं कोपर सापडलं. तरी त्यांनी तिच्यासाठी सागवानी फ्रेम केली आणि रिकामीच भिंतीवर टांगली. मला ती बघवत नसे.

आई हयात होती त्या शेवटच्या उन्हाळ्यात एक चित्रकार बाई गावात राहायला आली होती. महिनाभर चौकात स्टूल टाकून चौकाचं चित्र काढत बसायची. रिकामटेकडी म्हणून गावाने तिची यथेच्छ टिंगल केली. वर्षभराने तिने ते चित्र शाळेला भेट पाठवलं आणि मुख्याध्यापकांनी गुंडाळी न सोडताच बाबांकडे दिलं. फ्रेम तयार होती. कागद चार बोटं जास्त भरला.

चित्र लागलं त्या दिवशी अख्खा गाव शाळेत लोटला. जो तो चित्रात स्वतःला शोधत होता. न्हावी तर दोनदा येऊन स्वतःला बघून गेला. चित्रकार बाईही मुद्दाम आल्या होत्या; त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं.

"काका, डाव्या कडेला काकू होत्या. तुमच्या दुकानाच्या पायरीवर. त्यांना कळू न देता काढलं होतं मी. तो भाग कुठे गेला?"

मुख्याध्यापक नको नको म्हणत असतानाच बाबांनी चित्र उतरवलं, पालथं घातलं आणि खिळे उचकटले. त्या घाईत काच तडकली. पुठ्ठ्यामागे पट्टी होती, तीन घड्यांची. उलगडली तर आई! पायरीवर बसून मटार सोलत होती, स्वतःशीच हसत. एक खिळा तिच्या खांद्यातून आरपार गेला होता.

"मी कापली," बाबा म्हणाले. "माझ्या हाताने कापली."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. बाई म्हणाल्या, चिकटवून देते, सांधा दिसणार नाही. बाबांनी पट्टी घरी नेऊ का, एवढंच विचारलं.

घरी त्यांनी पट्टी टेबलावर सुलटी ठेवली आणि जेवणखाण विसरून बघत बसले. मग भिंतीवरची फ्रेम उतरवली. ती हातभर रुंद, पट्टी चार बोटं. भोवती पुठ्ठा लावून जागा भरू, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, करवत घेतली आणि सागवानी फ्रेम कापायला बसले.