एकदा वाजणारा फोन

बालसंरक्षणाच्या कामात मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा चाळिशी लांब होती. डॉक्टर म्हणाले, "ताण कमी करा." मी म्हटलं, "तसं लिहून द्या, साहेबांना दाखवते." ते हसले. मी थट्टा करत नव्हते.

त्या साली बीड जिल्ह्यात लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता. माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघाली होती. तोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला टोळीत कोणी धरत नाही. म्हणून टोळ्या निघायच्या आत लग्नं उरकायची घाई. नवऱ्या कुठल्या, तर आठवी-नववीतल्या. मांडवात शिरायचं, शिव्या खायच्या, बापाकडून हमीपत्र लिहून घ्यायचं आणि परत यायचं, हे आमचं काम. पोरगी मात्र त्याच घरात राहायची. अंथरुणाला पाठ टेकली की मला नेमकं तेवढंच आठवायचं.

औरंगाबादला आम्हाला ताणाचं प्रशिक्षण दिलं. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. जबाबदारी सगळी आपली आणि हातात काहीच नाही, अशा जागी शरीर आजारी पडतं, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून समजावलं. बाण न काढताही आम्हाला ते कळलं असतं. पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं. दिवस संपल्याची एक खूण ठरवा, म्हणाल्या, ती झाली की काम उंबऱ्याबाहेर ठेवा.

मला ती खूण एका पोरीमुळे मिळाली. घाटनांदूरच्या पलीकडच्या वस्तीवर तिचं लग्न आम्ही थांबवलं होतं. चौदा वर्षांची, अंगावरची हळद वाळलेली. बालकल्याण समितीपुढे उभं करायला तिला जीपने बीडला नेत होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा मी गोळी घेतली.

"कशाची गोळी हाय, मॅडम?"

"रात्री झोप येत नाही गं. तुम्हा पोरींचीच काळजी लागते."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. आईबाप तोडीला गेल्यावर ती धाकट्या बहिणीबरोबर चुलतीकडे राहणार होती, आणि बापाचा जुना मोबाईल तिच्याकडे असणार होता. मी तिला नंबर दिला. म्हटलं, "रोज दिवेलागणीला मिस्ड कॉल दे. एकदा वाजला म्हणजे बरं आहे. दोनदा वाजला की मी निघाले असं समज. तुझा फोन आला की मलाही झोप लागेल." तिने मान डोलावली.

फोन रोज येऊ लागला. मी तेव्हा अंबाजोगाईत राहायचे. संध्याकाळी फोन एकदा वाजून बंद व्हायचा आणि माझे खांदे खाली यायचे. रक्तदाब उतरला, डॉक्टर खूश झाले. ऑफिसात मी ही युक्ती फुशारकीने सांगत फिरले. जीप एक आणि जिल्हा अख्खा, त्यामुळे वस्तीवर जाणं झालं नाही. रोज खबर मिळत होती, मग जायचं कशाला, असंही वाटायचं.

संक्रांतीनंतर त्याच बाजूला दुसरं लग्न थांबवून परतत होते. वाटेत त्या वस्तीकडे जीप वळवली. दिवे लागत होते. वस्तीत शिरतानाच मांडीवरचा फोन एकदा वाजून थांबला. समोर पाण्याची कोरडी टाकी होती, आणि रेंज मिळावी म्हणून तिच्यावर एक पोरगी मोबाईल धरून उभी होती. ती धाकटी होती.

"ताई कुठे आहे?"

"उसाला गेली. दिवाळी झाल्यावर आबा तोडीवरनं आलते, घिऊन गेले. तिकडंच लगीन लावलं. टोळीत एक कोयता कमी पडत व्हता."

"मग फोन कोण करतं?"

"मीच की. ताई सांगून गेली, रोज द्यायचा, चुकवायचा न्हाई. मॅडमला त्याबिगर झोप येत न्हाई म्हनली."

जीपचं दार धरून मी विचारलं, "तिने दोनदा का नाही वाजवला?"

"आबाला पोलिसांनी धरलं असतं ना. आन् तुमी तर आधीच आजारी."

ज्या पोरीला मी सांभाळायला निघाले होते, ती जाताना माझ्या झोपेची सोय लावून गेली होती. तिकडच्या कार्यालयाला आम्ही कळवलं. ते पोहोचले तेव्हा तिने जबाब दिला की तिला एकोणीस पूर्ण आहेत, आणि नवऱ्यामागे मोळ्या उचलायला निघून गेली. आजही दिवेलागणीला कुणाचा फोन एकदा वाजून थांबला की हातातलं काम हातात राहतं, आणि ती त्या चहाच्या टेबलापलीकडून माझ्याकडे निरखून बघत असते.

टाकीवरून उतरलेल्या धाकटीने त्या संध्याकाळी विचारलं होतं, "मी आता बंद करू का?"

"नको, देत जा," मी म्हटलं. "पण दोनदा वाजवायला भिऊ नकोस." तिनेही मान डोलावली.

फोन पुढेही रोज एकदाच वाजत राहिला. मला मात्र त्याचा भरवसा वाटेना. कधी जीप, कधी एसटी, कधी कुणाची मोटारसायकल, जे मिळेल त्याने मी वस्ती गाठायचे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मला बघून ती टाकीवरून उतरायची आणि बुचकळ्यात पडून विचारायची, "मॅडम, म्या तर एकदाच वाजवला की."

"हो गं," मी म्हणायचे, "म्हणूनच आले."