पॉलिश केलेल्या शेगड्या

सुप्यात मी जुन्या कॅम्पिंग शेगड्या आणि गॅसचे कंदील दुरुस्त करून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक ट्रेकवाले. "काका, जरा चमकवून द्या की," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. का, ते सांगतो.

पूर्वी मी फौजेत हवालदार होतो आणि बर्फातली सहा जणांची एक पोस्ट माझ्याकडे होती. ताबा घेताना आधीच्या पलटणीने दोन वापरलेल्या गॅस शेगड्या आणि एक कंदील दिला. सगळं काळंकुट्ट. त्यांचा नायक म्हणाला, "दिखते काले हैं, जलते अच्छे हैं."

मी सही केली आणि मनात म्हटलं, काय गबाळी पलटण आहे!

रोजचा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर व्हायचा, गॅस राखीव. आठवड्याभरात कंपनी कमांडर येणार होते. मी हुकूम सोडला, पितळ चमकलं पाहिजे. बर्नर, गॅस सोडणारे बारीक भोकाचे जेट, सगळं सुटं करून ब्रास पॉलिशने घासून घेतलं. तोंड दिसेल अशी चमक आली. हवा बिघडली आणि कमांडर आलेच नाहीत.

मग बर्फ सुरू झालं. तिसऱ्या दिवशी रॉकेल संपलं. ०९०० वाजता मी रेडिओ सेट उचलला.

"रसद कब तक? ओव्हर."

"रास्ता बंद. चार दिन लगेंगे. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मी निर्धास्त होतो, गॅस होता ना! शेगडीला काडी लावली. पेटेना. दुसरी काढली, तीच गत. कंदीलही मुका. चहूकडे बर्फ आणि प्यायला थेंब नाही, कारण ते वितळवायला आग नाही. एक जवान तापाने फणफणला होता. त्याचे ओठ फुटले होते आणि तो पाणी मागत होता.

आमचा सिग्नलमन लान्सनायक मिलिंद, खर्ड्याचा. मी सोनईचा, दोघंही एकाच जिल्ह्यातले, त्यामुळे आमची बोली एकच. त्याने जेट काढून उजेडाकडे धरला.

"उस्ताद, राग नगा धरू. भोकातून उजेडच येत न्हाई. पॉलिश वाळून बसलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुई घाल," मी म्हणालो.

"सुईनं भोक मोठं हुईल. मग भडका उडंल."

त्याने टेलिफोन केबलच्या जादा रिळातून वीतभर तुकडा कापला आणि आतली केसासारखी तार सोलून काढली. हातमोजे काढून बसला. तीन जेट, दोन तास. बोटं निळी पडली की काखेत घालायचा, पुन्हा सुरू. गारठलेले सिलिंडर आम्ही बाकीच्यांनी कोटाच्या आत छातीशी धरले होते.

११४० वाजता तो म्हणाला, "लावा काडी, उस्ताद."

भक्! निळी, सरळ ज्योत!

आम्ही असे ओरडलो की शत्रूलाही ऐकू गेलं असेल. मी हवालदारकी विसरून मिलिंदला उचलून घेतलं. दुसरी शेगडी पेटली. कंदीलही पेटला. भर दुपारी त्याचा काही उपयोग नव्हता, पण विझवायला कुणी तयार होईना. आनंदाने नुसतं वेड लागलं होतं. गरम पाण्याचा पहिला मग तापवाल्या जवानाला दिला. चार दिवसांनी रस्ता उघडला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी खाली उतरला.

पुढच्या महिन्यात टेलिफोनची लाइन तुटली. मिलिंद ती जोडायला निघाला. १०१५ वाजता उतारावरचं बर्फ सुटलं. आम्ही दोन तास खणत होतो. तो सापडला, पण गेलेला होता. त्या दिवशी मी जवानांसमोर रडलो.

सुट्टीत खर्ड्याला मिलिंदच्या घरी गेलो. "जय भीम, आई," म्हणून समोर बसलो. तिने विचारलं, "तितं लई थंडी असती म्हंत्यात. माज्या मिलिंदला गरम पानी तरी मिळायचं का, बाबा?"

"व्हय, आई," मी म्हणालो. "आमा सगळ्यांना त्योच द्यायचा."