आशीर्वादाआधी थांबलेली उपासना

आदरणीय पाळक शांतवन पगारे यांची आणि माझी पहिली ओळख चर्चच्या माइकमुळे झाली. ते लोणावळ्याच्या आमच्या मंडळीत नुकतेच बदलून आले होते आणि उपदेशापेक्षा माइकची घरघर मोठी ऐकू येत होती. मी इंजिनिअरिंगला आहे हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले. 'प्रभू मार्ग दाखवील' असे काहीतरी ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी विचारले, "कुठली वायर धरू?" दोष अर्थिंगमध्ये होता. काम होईपर्यंत ते टॉर्च धरून उभे राहिले आणि मधे एकदाही बोलले नाहीत. मला ते आवडले.

त्यांच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहेच. तळेगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या मुलांसाठी त्यांनी सुरू केलेली शनिवारची प्रार्थना-संगती, तुंगार्लीच्या बंगल्यांवर राखण करणाऱ्या कुटुंबांच्या घरभेटी, हे सारे मंडळीला ठाऊक आहे. मी एकाच रविवारविषयी लिहिणार आहे. त्यासाठी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "लिहा. फक्त माझी चूक लहान करू नका."

माझी आई, सुमनबाई, कुरवंड्याला राहते. तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. त्या रविवारच्या पंधरवडाभर आधी स्त्रियांच्या प्रार्थनासभेत सर्वांनी आईवर हात ठेवून प्रार्थना केली. तिला श्वास मोकळा वाटला. देवाने बरे केल्यावर गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे तिने ठरवले आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली. मी नोकरीसाठी तळेगावला राहत होते. मला कळले नाही.

त्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा आई उठली. आमच्याकडे देवाने केलेले उपकार असे उभे राहून सांगायची रीत आहे. ती म्हणाली, "गोळ्या बंद करून पंधरवडा झाला. काल रक्त तपासलं. लॅबवाली म्हनली, मावशी, रिपोर्ट नॉर्मल हाय!"

टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी व्यासपीठावरून उपकारस्तुती केली: "प्रभो, तू आमच्या बहिणीला पूर्ण बरे केलेस."

मी मागच्या बाकावर होते. निरोगी माणसाचे रक्त जितक्या लवकर गोठते, त्याला लॅब नॉर्मल म्हणते. झडपेच्या रुग्णासाठी तेच धोक्याचे असते. आईचा रिपोर्ट नॉर्मल होता, याचा अर्थ गुठळी कधीही धरू शकत होती. कदाचित धरलीही असेल. गीत सुरू झाले तशी मी पुढे गेले आणि हे पाळकसाहेबांच्या कानात सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ आहे?"

"माहीत नाही. कदाचित नसेलच."

त्यांनी हात वर करून गीत थांबवले. "मंडळी, मी आत्ता केलेली उपकारस्तुती चुकीच्या समजुतीवर होती. सुमनबाईंचा रिपोर्ट चांगला नाही. मला त्यातले कळत नव्हते, तरी मी ते देवाच्या नावावर सांगितले."

आई उभीच होती. "लेकीनं सांगितलं म्हनून देवाचं काम फिरवता व्हय?"

पहिल्या बाकावरून मंडळीच्या कारभारातले एक वडील म्हणाले, "साहेब, आशीर्वाद देऊन उपासना पुरी करा. मग घरी जाऊन समजवा."

"मंडळी बसेल. यांच्यापाशी तेवढा वेळ नाही." पाळकसाहेब खाली उतरले आणि आईशेजारी, बायकांच्या बाकावर जाऊन बसले.

"मग माझा श्वास कसा मोकळा झाला?" आईने विचारले.

"मला ठाऊक नाही."

"देव मला बरं करनार का न्हाई? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

"तेही मला ठाऊक नाही, बाई. तुम्ही त्याच्या हातात आहात, एवढंच मी सांगू शकतो. गोळी घेतल्यानं त्याचा हात सुटत नाही."

आईने पदर खोचला. "तुमी येनार का संगं?"

"येतो."

"ह्या झग्यात?"

"काढत बसलो तर तुमचं मन बदलेल."

अशा तऱ्हेने पाळकसाहेब पांढऱ्या झग्यातच आमच्याबरोबर तळेगावच्या रुग्णालयात आले. सुट्टीच्या गर्दीत रस्ता तुंबला होता. आईला वाटेतच बोलताना शब्द सापडेनासे झाले. पाळकसाहेबांनी तिचा हात धरून ठेवला होता. रुग्णालयात झगा पाहून शेजारच्या खाटेवरचे आजोबा घाबरून उठून बसले, "मी बरा हाय, मला काय झालं न्हाई!" पाळकसाहेबांनी त्यांची माफी मागितली.

झडपेवर गुठळी होती आणि तिचा एक कण मेंदूकडे गेला होता. औषध सुरू केले, पण ती विरघळेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. मी पाळकसाहेबांना विचारले, आता काय होईल? ते म्हणाले, "मी घाबरलोय." मग तिथेच मान खाली घालून त्यांनी प्रार्थना केली. "प्रभो, आम्हाला कळत नाही. तुला कळतं. सुमनबाईंना धर." एवढीच.

माझ्या कामात मोजमापाची उपकरणे तपासावी लागतात. ज्या उपकरणाची चूक किती असू शकते हे लिहिलेले नसते, ते आम्ही वापरत नाही. श्रद्धेविषयी बोलणारी बरीच माणसे मला त्या उपकरणांसारखी वाटत आली. पाळकसाहेबांनी स्वतःच्या समजेची मर्यादा सर्वांसमोर सांगितली आणि तरीही प्रार्थना सोडली नाही. माझा विश्वास फार बोलका नाही. पण तो आज आहे, आणि त्याला हे कारण आहे.

गुठळी विरघळली. आई घरी आली. बोलताना एखादा शब्द तिला अजून शोधावा लागतो. दोन कुटुंबांनी मंडळी सोडली, पाळकच चुकतात तर कुणाचे ऐकायचे म्हणून. पाळकसाहेब त्यांच्याही घरी जात राहिले. एक कुटुंब परतले, दुसरे नाही.

परवा ते आमच्याकडे चहाला आले होते. आईने त्यांना दरडावले, "आन् तुमी तुमच्या बीपीच्या गोळ्या घेता का?" ते नजर चुकवून बिस्किटाकडे बघू लागले. "आज घेतो," म्हणाले.

पाळकसाहेब या वर्षी पंच्याहत्तरीत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभेल, असे मी इथे जाहीर करणार नाही. देव काय करणार हे मला ठाऊक नाही. मी फक्त मागते आहे: ते अजून पुष्कळ वर्षे आमच्यात असोत. आईही मागते आहे, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.