आंदणातले स्पीकर

ज्याला सूर कळतो, त्याची माणसांची पारख सहसा चुकत नाही. हे वाक्य मी अमरावतीतल्या एका संगीत महोत्सवाच्या उद्घाटनात बोललो होतो आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. समोर बसलेले सगळेच स्वतःला सूर कळणारे समजत असल्यामुळे त्या पडायच्याच होत्या. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे, पण शहरातल्या मैफलींवर पेपरात लिहीत असल्याने नातेवाइकांत माझी ओळख 'संगीतातला माणूस' अशी होती. त्यांच्यापैकी कुणी ते लिखाण वाचत नसे, म्हणून ती टिकून होती.

याच ओळखीच्या भरवशावर माझा मामेभाऊ एका एप्रिलात भातकुलीहून माझ्याकडे आला. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. गावात त्याचं किराण्याचं दुकान. वऱ्हाडातला शेतकरी कसा जगतोय हे पाहायला पांढऱ्या गाड्यांतून पथकं यायची, अहवाल लिहायची, ते हे दिवस. दादाला अहवालाची गरज नव्हती. किलोनं तेल नेणारं गिऱ्हाईक पाव किलोवर आलं, एवढ्यावरून त्याला सगळं समजत होतं.

त्याच्या लेकीचं लग्न जमलं होतं. मुलगा अकोल्याचा, विनाअनुदानित शाळेत शिक्षक. म्हणजे शिक्षकाच्या नोकरीतलं पगार सोडून बाकी सगळं त्याच्याकडे होतं. बैठकीत ठरलं होतं की सोनं कमी आणि त्याऐवजी आंदणात संगणक. आंदण म्हणजे लेकीला संसारासाठी द्यायच्या वस्तू. आमच्याकडे त्या मांडवात एका बाजूला मांडून ठेवतात, म्हणजे सगळ्यांना पाहता येतात. संगणक सोन्याहून स्वस्त पडतो आणि मांडवात सोन्याहून मोठा दिसतो, हा हिशेब त्या वर्षी बऱ्याच घरांनी केला होता.

"कॉम्प्युटर झाला," दादा म्हणाला. "स्पीकर राह्यले. पोरीले गाण्याचा नाद आहे. तू चाल बापा. तुले संगीत समजते, आमाले नुस्ता आवाज समजते."

यात त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. मी मात्र याला प्रशस्ती समजलो.

आम्ही तिघं राजापेठेत गेलो. दादा, मी आणि लेक. ती बी. एस्सी. झालेली, अबोल, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहणारी. दुकानदारानं अगोदर पाच स्पीकर आणि एक मोठा डबा असलेला संच काढला. काळं चकचकीत प्लॅस्टिक, निळे दिवे, रिमोट. खोक्यावर वॅटचा आकडा असा छापलेला, की तेवढ्या विजेवर भातकुलीची पिठाची गिरणी चालली असती. त्यानं एक ढोल-ताशाचं गाणं लावलं आणि काउंटरवरच्या पावतीपुस्तकाची पानं हलायला लागली.

"पाहा सर," तो म्हणाला, "छातीत लागते."

"छातीनं नाही ऐकत आपण," मी म्हणालो. मग मी त्याला त्या आकड्यातली लबाडी समजावली. तो नम्रपणे ऐकत होता. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी दाखवायला सांगितली ती त्याच किमतीतली लाकडी पेटीची साधी जोडी. प्रत्येक स्पीकर चहापत्तीच्या डब्याएवढा. मी झोळीतून माझी सीडी काढून दिली. ती चालू झाल्यावर दुकानदारानं थोडा वेळ वाट पाहिली.

"सर, काहीच वाजून नाही राहिलं."

"वाजतोय. तानपुरा आहे."

"असं का? मले वाटलं वरचा पंखा आहे."

लेक हसली आणि लगेच ओढणीत तोंड लपवलं. पुढे गाणं सुरू झालं, तेव्हा मात्र ती एक पाऊल जवळ सरकली. "काका, यात बाईचा श्वास ऐकू येतो," ती म्हणाली. अजून काय पाहिजे होतं मला? मी दुकानदाराकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ते गाणं मीच गायलो होतो.

दादा तिकडे मोठ्या संचाचं खोकं हातानं मापत होता. "याचं खोकं केवढं होईन? आन् ह्या लहान्याचं?"

"दादा, खोक्याचं काय करायचंय?"

"तसं नाही. पन पाहनाऱ्याले जरासं..."

"पाहायचे नाहीत, ऐकायचेत," मी म्हणालो. हे वाक्यही मला आवडलं. दादानं लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं लहान जोडी घेतली. शिकलेल्या माणसापुढे किती वेळ बोलायचं, याचा त्याचा एक अंदाज होता.

लग्न भातकुलीला, शाळेच्या मैदानावर, मे महिन्यातल्या सकाळच्या मुहूर्ताचं. वीज नव्हती, जनरेटर होता. मांडवाच्या उजव्या अंगाला आंदण मांडलेलं: आलमारी, दिवाण, गंज-बगुणे अशी भांडी, आणि मध्यभागी टेबलावर संगणक. त्याच्या मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता. हाराच्या दोन टोकांखाली माझे स्पीकर. खरं सांगायचं तर हारातली दोन-तीन फुलं त्यांच्याहून मोठी दिसत होती.

वरात आली आणि नवरदेवाचा मामा आंदण पाहायला आला. पाहायला हा शब्द अपुरा आहे. त्यानं गंजाला टिचकी मारून कान लावला, दिवाणावर बसून दोनदा उसळून पाहिलं, आलमारीचं दार उघडून आत डोकं घातलं. त्याच्या मागे वरातीतली माणसं, त्यांच्या मागे आमच्याकडची. दादा हात जोडून बाजूला उभा. समोर वर्गखोली होती, तिच्या खिडकीत पिवळ्या लुगड्यातली लेक.

मामानं एक स्पीकर दोन बोटांत उचलला. "हे काय हाय, बॉ?"

"स्पीकर," दादा म्हणाला.

"हे त पिल्लं दिसून राह्यले. यायची माय कुठी हाय?"

हशा पिकला. आमच्याकडची माणसंही हसली, तेच जास्त लागलं. दादाचा चेहरा उन्हात उभ्या माणसाचा होता, पण तो सावलीत उभा होता. त्यानं माझ्याकडे हात केला. "आमचे सर आहेत ना. संगीतातले. त्यायनं निवडले."

"असं व्हय?" मामा वळला. "मंग वाजवून दाखवा सर. आमालेबी समजू द्या."

इथे निदान ढोल-ताशाचं काही लावायला हवं होतं. पण झोळीत तीच सीडी होती. संगणक सुरू झाला, मी आवाज शेवटपर्यंत वाढवला, आणि आलाप सुरू झाला. सुरू झाला असावा. टेबलामागे जनरेटर धडधडत होता, पलीकडे बँडवाले वाद्यं जुळवत होते. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, एवढाच काय तो पुरावा. लोकांनी कानामागे हात धरले. कुणीतरी विचारलं, "लागला का?" मी म्हणालो, "लागलाय." मामानं वाकून स्पीकरला कान लावला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं निकाल दिला.

"हाव. आत कोनीतरी कन्हून राह्यलं."

या वेळचा हशा मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. तो ओसरला तेव्हा मामा नवरदेवाच्या वडिलांच्या कानाला लागला होता आणि वरातीतल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, "सोनं कमी केलं ते केलं, वरून डब्ब्या देल्ल्या." दादानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मुहूर्ताला वेळ होता, म्हणजे वाईट व्हायलाही वेळ होता. खिडकीत आता कुणी नव्हतं.

मी अजूनही माऊस धरून उभा होतो. तो सोडून कुठे जायचं, हे सुचत नव्हतं.

वहिनी आल्या, म्हणजे नवरीची आई. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "भाऊजी, तुमी बाजूले व्हा." मग मांडवातला साउंडवाला होता, अमरावतीचा, पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, त्याला हाक मारली. "भाई, ते तुमचे मोठे दोन डब्बे इथी आनून ठेवा. लगन लागेपर्यंत."

"भाभी, शामको बडनेरे में दूसरी शादी है मेरी."

"तुमची?"

"मेरी नहीं, डब्बों की."

वहिनी हसल्या नाहीत. साउंडवाल्यानं दादाचा चेहरा पाहिला आणि आपल्या माणसांना हाक मारली. चार माणसांनी ते कमरेएवढे डबे संगणकाच्या दोन बाजूंना आणून उभे केले. त्यांवर साउंडवाल्याचं नाव रंगवलेलं होतं, ते वहिनींनी शालींनी झाकलं आणि वर हळद-कुंकू लावलं. माझ्या जोडीला जागा उरली नाही; ती कुणीतरी टेबलाखाली सरकवली. मामा परत आला, त्यानं डब्यावर थाप मारली. "हां. आता कसं!" डब्यांना कुठलीही वायर जोडलेली नव्हती, आणि त्याला त्याची गरजही वाटली नाही.

लग्न लागलं. जेवणं झाली. दुपारी वरातीच्या पोरांनी आंदण मेटाडोरमध्ये चढवलं आणि त्यात साउंडवाल्याचे दोन्ही डबेही चढवले. दादा पाहत होता, वहिनी पाहत होत्या, मी पाहत होतो. दोनशे माणसांसमोर 'हे आमचे नाहीत' कोण म्हणणार? साउंडवाला जेवायला बसला होता. तो हात धुऊन येईपर्यंत मेटाडोर मूर्तिजापूरच्या वाटेला लागलेला.

दादानं मलाच अकोल्याला पाठवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुले बोलता येते बापा. पोरीले कमीपना नको येऊ देजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाल्याच्या टेम्पोत बसून निघालो. संध्याकाळचं बडनेऱ्याचं लग्न त्यानं एका भोंग्यावर काढलं होतं आणि त्याबद्दल ऐकून घेतलं होतं. बोरगाव मंजूपर्यंत मी माफी मागायला सुरुवात करत होतो आणि ती टेम्पोच्या आवाजात बुडत होती. शेवटी त्यानंच विषय काढला.

"सर, तुम्हारा म्यूज़िक अच्छा होगा. बस, सुनाई नहीं देता."

नवरदेवाचं घर जुन्या अकोल्यात, दोन खोल्यांचं. पुढची खोली त्या दोन डब्यांनी भरली होती. मधल्या फटीत नवरदेवाचे वडील पाय आखडून बसले होते. मी वाटेत पाठ केलेलं बोललो: या डब्यांच्या आत बनावटीचा दोष निघालाय, दुकानदारानं परत मागवलेत, जोडले तर संगणक जळेल, बदलून देऊ. राज्यशास्त्राच्या वर्गात मी याहून वाईट गोष्टी याहून शांतपणे सांगितल्या होत्या. इथे मी मध्येच अडखळलो, कारण आतल्या दारात लेक पाणी घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. एका डब्यावरची शाल घसरली होती आणि साउंडवाल्याच्या नावाचा अर्धा भाग दिसत होता. स्वतः साउंडवाला माझ्या मागे उभा.

नवरदेवाचे वडील त्या अर्ध्या नावाकडे पाहत राहिले. मग सुनेकडे.

"हो बाबा," ती म्हणाली. "काकांनी मला कालच सांगितलं होतं. मीच सांगायची विसरली." आणि पुढे होऊन तिनं शाल नीट केली.

सासरी बोललेलं तिचं हे पहिलं मोठं वाक्य असावं. ते खोटं होतं, आणि माझ्यासाठी होतं. तिनं पाण्याचा गडू माझ्या हातात दिला तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही; गडूत पाहिलं.

नवरदेवाचे वडील उठायला लागले. उठता येईना, मी हात दिला. "पाहुणे, एक सांगतो, रागावू नका," ते हळूच म्हणाले. "बदलूनच आनान तं लहाने आना. काल हे आत घ्यासाठी दाराचं पल्लं काढावं लागलं. रातभर घर उघडं होतं."

डबे टेम्पोत चढले. साउंडवाल्यानं दाराचं पल्लं परत बसवायला मदत केली.

पुढच्या आठवड्यात मी मांडवात टेबलाखाली राहून गेलेली लहान जोडी नेऊन दिली. लेकीनं ती पदरानं पुसली, संगणकाच्या दोन बाजूंना ठेवली, वायर जोडली आणि प्लग हातात धरून थांबली. त्या खोलीत प्लग लावायची जागा एकच होती आणि तिथे कूलर लावलेला होता. अकोल्यात मे महिना होता.