दगडफुलावरची धूळ

आमच्या ज्योत्स्नाला बंगल्यामागं पालथं पडलेलं बघून मळवलीतल्या दोघीजणी थांबल्या. "मावशी, पोरीचं पोट दुखतंय का?"

"न्हाई गं, फोटो काढतीय."

"कुणाचा?"

"दगडाचा."

त्या एकमेकींकडं बघत पुढं निघाल्या. दुखणं पोटात नसून डोक्यात आहे, असं त्यांनी ठरवलं असावं.

ज्योत्स्ना माझी नात, एकोणीस वर्षांची. आम्ही मूळचे शेजारच्या भाजे गावचे. माझा मुलगा सुहास मळवलीत एका बंगल्याचा केअरटेकर आहे, म्हणून मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. मालक पुण्याचे, शनिवार-रविवारचे.

दिवाळीआधी बंगल्याचे फोटो काढायला लोणावळ्याहून सारिका मॅडम आल्या होत्या. ज्योत्स्नानं दिवसभर त्यांची उजेडाची पांढरी छत्री धरली. त्या जायला निघाल्या तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला ठेवता का हाताखाली?" मी तर चहाचा कपच खाली ठेवला. या पोरीनं आजवर दुकानात सुटे पैसेसुद्धा कधी तोंडानं मागितले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "आधी जवळून फोटो काढायला शीक. साल, दगड, पान. माणूस हसतं म्हणून त्याचा फोटो खपून जातो. दगड हसत नाही. बघणाऱ्याला त्यावर बोट फिरवावंसं वाटलं पाहिजे. असा एक फोटो आण, मग बोलू."

तेव्हापासून हे पालथं पडणं सुरू झालं. जुना मोबाईल आणि त्याला चिमट्यानं लावायचं एक भिंग, एवढंच सामान. माझ्या टाचेच्या भेगांचाही फोटो हवा होता तिला. मी म्हटलं, "का गं, मावळातली झाडं संपली का?"

सुहासला हे पटत नव्हतं. वराळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी त्यानं ठेकेदाराकडं तिचं नाव देऊन ठेवलं होतं. "सोमवारपासून जायचं," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत तुझ्या मॅडमचं काय ते होऊ दे. न्हाई झालं तर मुकाट्यानं बस धरायची."

"धरीन," ती म्हणाली. पण अशी म्हणाली, की तिला ती धरायची नाही हे भिंतीलाही कळलं.

पहिले फोटो घेऊन ती लोणावळ्याला गेली आणि तोंड पाडून आली. मॅडम म्हणाल्या होत्या, "सगळं धुतल्यासारखं दिसतंय. हात लावावासा वाटत नाही."

"धुतल्यासारखं म्हणजे काय गं, आजी?" ती दिवसभर हेच बडबडत होती. दुसऱ्या दिवशी मी मागं भांडी घासत बसले होते. ती ऐनाच्या झाडाच्या बुंध्यापाशी बसली, मोबाईल सरळ केला आणि ओढणीच्या टोकानं साल पुसली. चांगली खसखसून, टीपॉय पुसावा तशी.

मी म्हटलं, "झाडाकडं पाहुणे यायचेत का?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मग ओढणीकडं. ओढणीला साल, कोळ्याचं जाळं, मुंग्यांची माती, सगळं चिकटलेलं.

"आजी, मी सगळंच पुसतीय. दगड पण पुसले. पानं तर धुतली."

धुणारच की. आमच्या घरात रांगायला लागलेलं लेकरू फडकं धरायला शिकतं. मालकीणबाई बंगल्यात शिरल्या की आधी टेबलावर बोट फिरवून बघतात. आमची सगळी अब्रू त्या बोटावर.

त्या दिवशी तिनं ओढणी घरात खुंटीला टांगली आणि मगच बाहेर पडली. कंपाउंडच्या दगडी भिंतीवर दगडफूल धरलं होतं, आपण मसाल्यात घालतो तेच. राखाडी, कडा कुरळ्या. तिनं तेवढंच धरलं. दुपारी फोटो काढला तर सपाट आला. संध्याकाळी काढला तर काळा आला. मग तिच्या ध्यानात आलं की सकाळी थोडा वेळ ऊन त्या भिंतीला कडेनं घासून जातं, तेव्हा बारीकसारीक चुणीचीही सावली पडते. मग सकाळी काढायला लागली, तर एकदा हात हलला, एकदा ढग आला. शुक्रवारी तर असं धुकं की भिंतच सापडेना. तरी ती तासभर पालथी. मी तिच्या पाठीवर घोंगडी टाकून आले.

शनिवार उजाडला लख्ख. आणि सुहास तारेचा ब्रश घेऊन भिंतीपाशी हजर.

"ऊठ. मालक दुपारी येतायत. भिंत घासायचीय."

"ऊन येऊ द्या, पप्पा."

"ऊन माझ्यासाठी थांबतं का?"

"मग त्या टोकाकडनं घासत या. मी हितनं उठणार न्हाई."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. सुहासनं माझ्याकडं बघितलं. मी पातेल्याकडं बघितलं. मग तो त्या टोकाकडून घासत निघाला. खर्र, खर्र. जसा जवळ आला तशी पांढरी धूळ उडून दगडफुलावर बसायला लागली. तो अगदी तिच्या कोपराशी पोचला आणि ऊन आलं. दगडफुलाची एकेक कड उभी राहिली.

सुहासची नजर धुळीवर गेली. जन्माची सवय. खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यानं हात पुढं केला.

"पुसू नका!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

बिचारा टॉवेल तसाच धरून उभा राहिला. तिनं फोटो काढले, तोंड धुतलं आणि लोणावळ्याची लोकल धरली.

दुपारी मालक आले. मालकीणबाईंनी टेबलावर बोट फिरवलं, खिडकीवर फिरवलं, मागं चक्कर मारली. सगळी भिंत स्वच्छ आणि मधेच हातभर राखाडी ठिगळ.

"सुहास, हे घासायचं राहिलं वाटतं?"

मी पदराला हात पुसत दारात आले.

"राहिलं न्हाई, मॅडम," सुहास म्हणाला. "ठेवलंय." आणि पाण्याची मोटर लावायला निघून गेला.

ज्योत्स्ना अंधार पडायच्या आत परतली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "सोमवारी सकाळी कामाला बोलावलंय. धूळ बघून मॅडम म्हणाल्या, ही कुठली? म्हटलं, पप्पांच्या ब्रशची. तर म्हणाल्या, त्या धुळीमुळंच दगड दगडासारखा दिसतोय."

सुहासनं खिशातून मोबाईल काढला. मग उठून अंगणात गेला आणि ठेकेदाराला फोन केला. "पोरगी येणार न्हाई ओ. दुसरीकडं काम लागलंय." आवाज जरा मोठाच होता.

आत आला आणि म्हणाला, "बघू तरी, कशासाठी एवढं रामायण झालं."

तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा अंगठा आपोआप पुढं झाला आणि दगडफुलावरून हळूच फिरला. फिरला तसा फोटो सरकला आणि दुसराच पुढं आला.

"ही कुठली गं साल?" सुहास म्हणाला. "लय जुनं झाड दिसतंय."

मी वाकून बघितलं. माझी टाच होती. मी दुपारची झोपले असताना काढलेली. न पुसता.